सामायिक संकेतस्थळाचा वाद आणि आपली वाणी : खान्देशातील नव्या सभासदांसाठी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील, तसेच पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुणे येथे जाऊन राहिलेली अनेक खान्देशी माणसे आज एकत्र येऊन अहिराणी, तावडी, भिली, गुजरी अशा बोलींतील शब्द, म्हणी, कानबाई या लोकदेवतेची आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी एखाद्या सामायिक संकेतस्थळावर साठवत आहेत. कोणी मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा लेख लिहितो, कोणी आजीच्या तोंडची ओवी ध्वनिमुद्रित करून चढवतो, कोणी दुसऱ्याने लिहिलेल्या अर्थात भर घालतो. हा लेख अशा कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही एका विशिष्ट प्रसंगासाठी. आपण दाखल होतो त्याच सुमारास जुन्या सभासदांमध्ये संकेतस्थळाविषयीच वाद चालू असतो: नवे रूप घ्यावे की जुने ठेवावे, दुसऱ्या ठिकाणी स्थलांतर करावे का, खाते उघडल्याशिवाय नोंद करू द्यावी का, सगळेच व्हॉट्सॲपवर का करू नये. नव्या माणसाला बाजू कळत नाहीत, माणसे माहीत नसतात, आणि काही बोलावे तर आपण कोणाच्या तरी पायावर पाय देऊ अशी धास्ती वाटते. ती धास्ती योग्य आहे. तिच्यामुळे गप्प बसणे मात्र योग्य नाही, कारण नव्या माणसाला दिसणाऱ्या अडचणी जुन्यांच्या सवयीत बुजून गेलेल्या असतात.

हे वाद इतके कडू का होतात, हे आधी समजून घ्यावे. आमच्याकडे धाब्याचे घर उतरवून स्लॅबचे घर बांधायचे ठरते तेव्हा घरातील वडीलधारी माणसे अडून बसतात. पोरांना वाटते की म्हाताऱ्यांना नवे काही नको असते. प्रत्यक्षात खाट कुठे पडेल, देव्हारा कोणत्या भिंतीला येईल, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्यांनी उद्या कुठे बसायचे, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. संकेतस्थळाच्या बाबतीतही ज्याने आपल्या रात्री खर्च करून नोंदी घातल्या, त्याच्यासाठी ते पान, ते बटण, तो शोधाचा चौकोन म्हणजे रोजचा ओटा असतो. तो ‘नवे रूप वाईट आहे’ असे लिहितो तेव्हा त्याच्या मनातला प्रश्न बहुतेक वेळा ‘माझे काम आता कुठे ठेवणार?’ हा असतो. पुढील सर्व पायऱ्या हा प्रश्न ओळखता यावा यासाठी आहेत.

पहिली पायरी : आधी वाचावे

चर्चेत पहिला शब्द लिहिण्यापूर्वी त्या विषयावरील जुनी चर्चा वाचून काढावी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि तेथे सर्व सभासदांच्या सामायिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे आपल्या गावातलेच नाव आहे. अशा चावड्यांवरील जुनी बोलणी पुसली जात नाहीत, ती संग्रहात ठेवलेली असतात. कोणता प्रस्ताव पूर्वी आला होता, तो कोणत्या कारणाने मागे पडला, कोणाच्या अडचणीची दखल घेतली गेली आणि कोणाची राहून गेली, एवढे वाचताना टिपून ठेवले तरी पुरे. लहान गटात असा संग्रह नसेल तर एखाद्या जुन्या सभासदाला ‘या विषयावर आधी बोलणे झाले होते का?’ असे विचारावे. हा प्रश्न कोणालाही टोचत नाही, आणि झालेले भांडण पुन्हा उकरून काढण्याचे पाप आपल्याकडून घडत नाही.

दुसरी पायरी : वापरून पाहावे, मगच मत द्यावे

नव्या व्यवस्थेविषयी बोलायचे असेल तर तिच्यात निदान दहा नोंदी करून पाहाव्यात, त्यातील काही मोबाइलवरून आणि काही संगणकावरून. जुनी व्यवस्था निकालात काढायची असेल तर तिच्यातही तेवढेच काम करून पाहावे. हे कंटाळवाणे आहे, परंतु त्याशिवाय दुसऱ्याची अडचण कळत नाही.

विकिपीडियाच्या इतिहासात याचे एक शिकण्यासारखे उदाहरण आहे. लेखातील मजकूर खुणांच्या भाषेऐवजी (म्हणजे मजकुरात घालायच्या संगणकी चिन्हांऐवजी) थेट दिसेल तसा बदलता यावा, यासाठी ‘व्हिज्युअल एडिटर’ नावाचे साधन तयार करण्यात आले आणि जुलै २०१३ मध्ये ते इंग्रजी विकिपीडियावर सर्वांसाठी सुरू झाले. नवशिक्याला ते वरदान होते. जे लोक वर्षानुवर्षे खुणांच्या भाषेत काम करत होते, त्यांना मात्र ते संथ वाटले आणि त्यातील चुकांमुळे लेख बिघडत असल्याचे दिसले. तीव्र वाद झाला, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये ते ज्याला हवे त्याने निवडून घ्यावे असे ठरले. साधन नाहीसे झाले नाही. पुढे ते सुधारत गेले आणि आज अनेक जण ते आनंदाने वापरतात. या वादात दोन्ही बाजूंचा अनुभव खरा होता, कारण दोन्ही बाजूंचे काम वेगवेगळे होते. म्हणून आपले मत मांडताना आपण कोणते काम करतो हे पहिल्याच वाक्यात सांगावे: ‘मी मुख्यतः मोबाइलवरून म्हणी घालतो’ किंवा ‘मी जुन्या नोंदी तपासतो’. एवढ्या एका वाक्याने वाचणाऱ्याला आपल्या मताचे माप मिळते.

तिसरी पायरी : अडचण सांगावी, निकाल देऊ नये

येथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक सविस्तर सांगायची आहे, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे.

मी ज्या बोलीसंग्रहासाठी काम करतो, तो एका जुन्या संकेतस्थळावरून नव्यावर नेण्याचे ठरत होते. शिरपूर तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी, ज्यांनी आमच्यात सर्वांत जास्त नोंदी घातल्या होत्या, त्यांनी लिहिले की नव्या ठिकाणी शोध चालत नाही, स्वतः घातलेले शब्दही सापडत नाहीत, त्यामुळे स्थलांतर थांबवावे. मी ताबडतोब शोधून पाहिले. मला शब्द सापडले. मी उत्तर लिहिले, ‘आमच्याकडे व्यवस्थित सापडते. तुमच्याच टंकलेखनात चूक असणार. आधी नीट टाइप करून पाहा.’ माझ्यामागून आणखी दोघांनी ‘आमच्याकडेही सापडते’ असे लिहिले. गुरुजींनी त्यानंतर काही लिहिले नाही. आम्ही ते संमती समजलो.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका ताईंनी हीच तक्रार केली, पण वेगळ्या रीतीने. त्यांनी लिहिले, ‘मी मोबाइलवरून “ऱ्हायना” हा शब्द शोधला. नोंद आहे हे मला माहीत आहे, कारण अनुक्रमणिकेत ती दिसते. शोधात मात्र काहीच आले नाही. तोच शब्द अनुक्रमणिकेतून उचलून शोधाच्या चौकोनात चिकटवला, तेव्हा सापडला.’ या चार वाक्यांनी कोडे सुटले. ‘करी ऱ्हायना’ (करतो आहे), ‘जाई ऱ्हायना’ (जातो आहे) असे अहिराणीत क्षणोक्षणी येणारे हे ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त आणि मग ‘ह’ येतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘ह’. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाच्या व्यवस्थेत दोहोंना एक मानण्याची सोय केलेली नसेल तर एका कळफलकाने लिहिलेला शब्द दुसऱ्या कळफलकावरून सापडत नाही. गुरुजींचे टंकलेखन अचूक होते. माझेही अचूक होते. दोघांनाही जे दिसत होते ते खरे होते, आणि मी मात्र माझ्या डोळ्यांवरून त्यांच्या हातांना दोष दिला होता.

ताईंचे लिखाण नमुना म्हणून जपावे असे आहे. आपण काय करत होतो, काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्ष काय झाले, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कळफलकावर झाले, पुन्हा केले तर पुन्हा होते का, या पाच गोष्टी लिहिल्या की अडचण माणसापासून सुटी होते आणि चार जणांना मिळून तिच्याकडे पाहता येते. ‘शोध चालत नाही’ हा निकाल आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरा निकालच येतो. तसेच तक्रार ऐकणाऱ्याने ‘माझ्याकडे चालते’ एवढ्यावर थांबू नये. त्यापुढे ‘तुमच्याकडे आणि माझ्याकडे काय वेगळे असेल ते पाहूया का?’ हे वाक्य जोडले, तर तोच मजकूर भिंत न राहता दार होतो.

चौथी पायरी : वाक्याच्या रचनेकडे लक्ष द्यावे

सौजन्य म्हणजे प्रारंभी ‘नमस्कार’ आणि शेवटी ‘धन्यवाद’ लिहिणे, असा एक समज आहे. नमस्कार अवश्य लिहावा. परंतु मराठीत माणूस दुखावतो तो बहुधा मधल्या वाक्यात, आणि पुष्कळदा एकाच अक्षराने.

आपल्या भाषेत क्रियापदांच्या जोड्या आहेत: तुटणे आणि तोडणे, गळणे आणि गाळणे, पडणे आणि पाडणे, बिघडणे आणि बिघडवणे. ‘दुवा तुटला आहे’ आणि ‘तुम्ही दुवा तोडला’ या दोन वाक्यांत माहिती एकच आहे, पण दुसऱ्यात आरोपी उभा केलेला आहे. ‘यादीतून तीन म्हणी गळल्या आहेत’ असे लिहिले की यादी करणारा स्वतःहून पाहतो. ‘तुम्ही तीन म्हणी गाळल्या’ असे लिहिले की तो आधी स्वतःचा बचाव करतो आणि म्हणी तशाच राहतात. म्हणून दुसऱ्याच्या कामाविषयी लिहिताना पहिले रूप वापरावे. स्वतःच्या चुकीविषयी लिहिताना मात्र नेमके उलट करावे. ‘माझ्याकडून नोंद पुसली गेली’ यात एक पाय मागे घेतलेला असतो. ‘मी नोंद पुसली, चूक माझी आहे, आज रात्री परत घालतो’ हे सरळ आहे. ही एक सवय जरी लागली तरी वादातील अर्धा कडवटपणा कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे अक्षर म्हणजे ‘च’. ‘हे मी सांगितले होते’ ही आठवण आहे, ‘हे मी सांगितलेच होते’ हा टोमणा आहे. वर दिलेल्या माझ्या उत्तरात ‘तुमच्याच टंकलेखनात’ असे मी लिहिले होते. त्यातील ‘च’ काढून पाहावा म्हणजे फरक कळेल. ‘म्हणे’ हा शब्दही तसाच. ‘नव्या ठिकाणी म्हणे सगळे जलद होते’ असे लिहिताच सांगणाऱ्याला आपण खोटे ठरवले, आणि तेही पुरावा न देता. ‘जरा वाचून बोला’मधील ‘जरा’, ‘तुम्ही तर जुने सभासद’मधील ‘तर’, आणि प्रत्येक मुद्द्याच्या आरंभी येणारे ‘मुळात’ यांकडेही असेच पाहावे. समोरासमोर बोलताना चेहरा आणि सूर अशा शब्दांची धार बोथट करतात. पडद्यावर शब्द एकटाच पोहोचतो.

तिसरी गोष्ट ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ असा भेद मराठी करते, आणि संकेतस्थळाच्या वादात या भेदाला फार महत्त्व येते. ‘आम्ही स्थलांतराचे ठरवले आहे’ आणि ‘आपल्याला स्थलांतर करावे लागेल असे दिसते’ यांत पहिल्या वाक्याने नव्या सभासदाला दाराबाहेर ठेवले. जेथे निर्णय खरोखर सर्वांचा आहे तेथे ‘आपण’ लिहावे. जेथे निर्णय दोघा-तिघांनी घेतलेला आहे तेथे ‘आपण’ लिहून तो सर्वांच्या गळ्यात बांधू नये, ‘आम्ही तिघांनी’ असे स्पष्ट लिहावे. आणि ‘तुम्ही’ऐवजी आदरार्थी वापरलेले ‘आपण’ भांडणाच्या ऐन मध्यावर अचानक आले, तर ते आदर म्हणून वाचले जात नाही. तेव्हा पहिल्यापासून चालू असलेले ‘तुम्ही’च ठेवावे.

विनंतीच्या पायऱ्याही ठाऊक असाव्यात. ‘दुवा बदला’ ही आज्ञा आहे. ‘दुवा बदलण्यात यावा’ यात कचेरीच्या परिपत्रकाचा वास येतो. ‘दुवा बदलता येईल का? मला तेथे जुने पान दिसते आहे’ यात विनंती आहे आणि कारणही आहे. देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे आपले ओरडणे तीन-तीन उद्गारचिन्हांतून, ठळक किंवा लाल अक्षरांतून आणि वाक्याअखेर सोडलेल्या टिंबांच्या रांगेतून होते. ‘बरं...’ एवढे लिहिले तरी पुढचा माणूस रात्रभर त्या टिंबांचा अर्थ लावत बसतो.

खान्देशी बोलण्याविषयी येथे वेगळे सांगितले पाहिजे. पारावर ‘काय करी ऱ्हायना भो तू?’ असे विचारणारा माणूस प्रेमाने विचारत असतो, आणि आपल्याला त्याचा ओलावा कळतो. तेच वाक्य नंदुरबारच्या तरुणाने पुण्यात वाढलेल्या, वयाने मोठ्या, कधीही न भेटलेल्या सभासदाला लिहिले तर ते उद्धटपणाचे वाटू शकते. अनोळखी माणसाशी ‘तुम्ही’ने सुरुवात करावी. नावापुढे भाऊ, ताई, नाना, आबा, गुरुजी यांपैकी काय लावायचे हे त्या व्यक्तीला इतर जण कसे हाक मारतात ते पाहून ठरवावे, आणि वय किंवा नाते माहीत नसेल तर नुसते ‘जी’ लावून भागवावे. ओळख वाढल्यावर ‘भो’ आपोआप येतो. उलट, कोणी आपल्याला पहिल्याच दिवशी ‘तू’ लिहिले तर त्याच्या बोलीचा विचार करून ते गोड मानून घ्यावे.

पाचवी पायरी : मुद्द्याला शुद्धलेखनाने उत्तर देऊ नये

वाद रंगात आला की एखाद्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवण्याचा मोह होतो. हा मोह मला सर्वांत वाईट वाटतो. आपल्याकडील बहुतेक माणसे घरात एक बोली बोलतात, शाळेत दुसरी मराठी शिकतात आणि मोबाइलच्या छोट्या कळफलकावर तिसरीच लिहितात. बोलून टंकन करणाऱ्याचे शब्द तर यंत्र स्वतःच्या समजुतीने बदलते. ज्याची बोली शाळेत हसण्यावारी नेली गेली, त्याला चारचौघांत ‘आधी शुद्ध लिहा’ असे सांगितले की तो मुद्द्यासह निघून जातो. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची कविता त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी उतरवून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. ज्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, त्या विद्यापीठाच्या परिसरातील माणसांनी तरी लेखणीच्या वळणावरून बोलणाऱ्याची किंमत ठरवू नये. अर्थ लागत नसेल तर ‘तुम्हाला असे म्हणायचे आहे का?’ असे विचारून त्यांचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडून दाखवावा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा वाद मिटतो, कारण आपण ज्याला विरोध करत होतो ते त्यांनी म्हटलेलेच नसते.

सहावी पायरी : वेळ द्यावा आणि घ्यावा

राग आला असता उत्तर लिहावे, पण पाठवू नये. सकाळी वाचून मग पाठवावे. ही शिकवण जुनी आहे. इंटरनेटवरील वागणुकीविषयी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या टिपणातही भावनेच्या भरातील उत्तर रात्रभर थांबवून ठेवावे असे सुचवले आहे. मी त्यात आणखी एक गोष्ट करतो: सकाळी वाचताना ते उत्तर मोठ्याने वाचतो. जे वाक्य घरातल्या माणसासमोर उच्चारताना जीभ अडखळते, ते काढून टाकतो.

दुसऱ्याला वेळ देणे याहूनही महत्त्वाचे आहे, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. पुण्यात संगणकासमोर बसणारे चार सभासद एका दुपारी पन्नास संदेशांत प्रस्ताव मांडतात, खोडतात, मान्य करतात, आणि संध्याकाळी ‘कोणाचाही आक्षेप नाही’ असे लिहितात. त्याच वेळी चोपड्याकडचा सभासद केळीच्या बागेत असतो, सुरतेतील भाऊ यंत्रमागावर पाळीत असतो, आणि शिंदखेड्याच्या ताईंच्या शेतावर वीज रात्रीच येणार असल्याने त्या दिवसा घरचे आवरून रात्री मोटार चालू करायला जाणार असतात. म्हणून कोणत्याही प्रस्तावाला निदान आठवडाभराची मुदत ठेवावी, शेवटची तारीख पहिल्याच ओळीत लिहावी, आणि ती आखाजीच्या आठवड्यात, श्रावणात कानबाई बसते त्या दिवसांत किंवा कपाशीची वेचणी भरात असताना ठेवू नये. चर्चा लांबली तर मध्येच कोणीतरी दहा ओळींचा सारांश लिहावा, ज्यात विरोधी बाजूचा मुद्दा विरोधकालाही मान्य होईल अशा शब्दांत आलेला असेल. नव्या सभासदाने हे काम आपणहून मागून घ्यावे असे मी आवर्जून सुचवतो. त्याची कोणाशी बांधिलकी नसते, त्यामुळे त्याच्या सारांशावर दोन्हीकडचा विश्वास बसतो.

आपल्या प्रत्येक संदेशाखाली सही करावी. विकिपीडियावर चार टिल्डे (~~~~) लिहिले की नाव आणि वेळ आपोआप उमटते. निनावी वाक्य कोणाचे हे ठरवण्यात विनाकारण संशय वाढतो.

सातवी पायरी : किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याशी

प्रत्येक संकेतस्थळावर काही जणांकडे पाने पुसण्याचे, कुलूप लावण्याचे आणि रूप बदलण्याचे अधिकार असतात. बहुतेक ठिकाणी हे काम बिनपगारी असते, याची जाणीव ठेवून त्यांच्याशी बोलावे. ‘तुम्ही मनमानी करता’ यापेक्षा ‘हा बदल कोणत्या चर्चेनंतर झाला, ती वाचायला मिळेल का?’ हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि अधिक सभ्यही आहे.

अधिकार असलेल्यांनी घाईने कुलूप लावू नये, यासाठी एक प्रसंग सांगतो. चित्रे पाहण्याच्या एका नव्या साधनावरून जर्मन विकिपीडियात वाद झाला, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचा असा अधिकार निर्माण केला की त्याने कुलूप लावलेले पान निवडून आलेल्या प्रचालकांनाही (असे अधिकार असलेल्या सभासदांनाही) बदलता येऊ नये. चित्रांचा प्रश्न बाजूला राहिला आणि कुलपाचाच प्रश्न मोठा झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो अधिकार काढून टाकण्यात आला.

आठवी पायरी : सौजन्य आणि सहन करणे यांत गल्लत करू नये

जात, लिंग, बोली किंवा गाव यांवरून केलेली शेरेबाजी हा मतभेद नव्हे, आणि तिला गोड शब्दांत उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरही नाही. कोणी सभासदाचा मोबाइल क्रमांक, पत्ता किंवा छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय मांडले तर ताबडतोब व्यवस्थापकांना कळवावे आणि तो मजकूर पुढे पाठवू नये. विकिमीडियाच्या सार्वत्रिक आचारसंहितेतही अशा वर्तनाला मनाई आहे. आपल्यासमोर दुसऱ्या कोणाचा अपमान झाला, तर अपमान करणाऱ्याशी भांडण्याआधी ज्याचा झाला त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यावे: ‘ताई, तुम्ही खाते उघडण्याविषयी मांडलेली अडचण महत्त्वाची आहे, त्यावर आधी बोलूया.’ बोलणे पुन्हा कामावर येते आणि त्या व्यक्तीला एकटे वाटत नाही. गुरुजींच्या बाबतीत तेव्हा असे एकही वाक्य कोणी लिहिले नाही.

चर्चेतील वाक्यांचे पडद्यावरील चित्र काढून ते गावाच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे कटाक्षाने टाळावे. तेथे संदर्भ जात नाही, फक्त आडनाव जाते.

नववी पायरी : निर्णयानंतर

एकमत झाले नाही तर काय होते, याचे उदाहरण फेब्रुवारी २००२ मधील आहे. विकिपीडियावर जाहिराती येतील या शक्यतेवरून स्पॅनिश भाषेतील बहुतेक सक्रिय लेखक वेगळे झाले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश सुरू केला. जाहिराती पुढे आल्या नाहीत, पण गेलेली माणसे सगळी परतली नाहीत. स्पॅनिश ही कोट्यवधींची भाषा आहे, तिने हा धक्का पचवला. आपल्या एखाद्या बोलीसंग्रहात मनापासून लिहिणारे पंधरा-वीस जण असतात. त्यातील तिघे गेले की शेतीचे, सुतारकामाचे किंवा बायकांच्या गाण्यांचे अख्खे दालन बंद पडते, कारण ते शब्द दुसऱ्या कोणाला येतच नसतात.

म्हणून निर्णय जाहीर करताना ज्यांचे म्हणणे मान्य झाले नाही, त्यांच्या कोणत्या अडचणी खऱ्या होत्या आणि त्यांवर काय करणार, हे नावानिशी नव्हे पण मुद्देनिहाय लिहावे. जुने संकेतस्थळ काही महिने वाचण्यापुरते चालू ठेवावे. पहिल्या दोन आठवड्यांत नव्या व्यवस्थेविषयीचा कोणताही प्रश्न, तो दहाव्यांदा विचारला गेला असला तरी, पहिल्यांदाच आल्यासारखा घ्यावा.

आणि यादी काढून पाहावी: वादाआधी कोण लिहीत होते आणि आता कोण लिहीत नाही. अशा प्रत्येकाला खाजगीत लिहावे किंवा फोन करावा. वादाचा विषय आपण काढू नये. त्यांना जे येते त्याविषयी विचारावे. चूक आपली असेल तर क्षमा मात्र जेथे चूक केली तेथेच, सर्वांसमोर, ‘पण’ हा शब्द न वापरता मागावी.

ताईंच्या त्या चार वाक्यांनंतर मी मूळ चर्चेतच गुरुजींची क्षमा मागितली, ‘ऱ्ह’ची दोन्ही रूपे एक मानण्याची सोय शोधात करून घेतली, आणि मग त्यांना फोन केला. त्यांनी माझ्या उत्तराविषयी काहीच विचारले नाही. ‘बठ्ठा शब्द सापडतस का आते?’ (सगळे शब्द सापडतात का आता?) एवढेच विचारले. मग म्हणाले की त्या चार महिन्यांतही शब्द आठवत होतेच, ते त्यांनी दोनशे पानी वहीत लिहून ठेवले आहेत. त्या वहीतील औतकाठीच्या शब्दांची पाने आता चढवून झाली आहेत. विहीर आणि मोटेचे शब्द कोणी टंकित करून देणार असेल तर त्यांना हवेच आहेत.